क्लाउडमधल्या सुरक्षा घटनेचं मूळ कारण कसं शोधायचं

क्लाउडमधल्या घटनेच्या तपासात पहिलं उत्तर फार लवकर मिळतं. "ॲक्सेस की फुटली", "बकेट सगळ्यांना उघडी होती", "पोर्ट खुला राहिला." (ॲक्सेस की म्हणजे क्लाउडमध्ये शिरायची गुप्त किल्ली, बकेट म्हणजे तिथली फाइली ठेवायची जागा.) मग की बदलली जाते, बकेट बंद होते, तिकीटही बंद होतं. काही महिन्यांनी तसंच काहीतरी दुसऱ्या अकाउंटमध्ये घडतं. की बाहेर गेली कुठून, तिला एवढे अधिकार होते कशाला, आणि ती परक्याच्या हातात असताना कुणाला पत्ता का लागला नाही, यातलं काहीच शोधलेलं नसतं.

असा तपास पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणं मुख्यतः एडब्ल्यूएसची, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची आहेत. अझ्युअर आणि गूगल क्लाउडमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. एक नियम सुरुवातीपासून पाळा: प्रत्येक विधानाशेजारी ते कुठल्या नोंदीवरून केलं ते लिहायचं. नोंद नसेल तर ते विधान "अंदाज" या रकान्यात टाकायचं आणि पुरावा मिळेपर्यंत तिथून हलवायचं नाही.

## हाताशी काय हवं

- तपासासाठी वेगळं अकाउंट. ज्या अकाउंटमध्ये घुसखोरी झाली तिथेच पुरावा ठेवला तर हल्लेखोर तो पुसू शकतो.
- सगळ्या अकाउंटमध्ये फक्त वाचण्याचा अधिकार असलेला रोल (तात्पुरती धारण करता येणारी, ठरावीक अधिकारांची ओळख), तोही घटनेच्या आधीच तयार केलेला. ऐनवेळी अधिकार मागत बसलात तर पहिले काही तास त्यातच जातात.
- अकाउंट, रीजन (क्लाउडची भौगोलिक केंद्रं) आणि प्रत्येक सेवेचा जबाबदार माणूस यांची यादी.
- तुमच्या स्वतःच्या ताब्यातली एन्क्रिप्शन की. ती का लागते ते पहिल्या टप्प्यात येईल.
- लॉग चाळायला जेक्यू किंवा अथीना, मेमरी उतरवायला एव्हीएमएल किंवा लाइम, ती वाचायला व्होलॅटिलिटी, आणि हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा) काढण्यासाठी एसएचए-२५६ देणारं कुठलंही साधन.
- पायाभूत रचनेचा कोड जिथे ठेवला आहे त्या गिटचा इतिहास आणि बिल्ड-डिप्लॉय यंत्रणेचे लॉग. नवखे हे हमखास विसरतात, आणि कारण पुष्कळदा तिथेच सापडतं.
- तपासवही. साधा स्प्रेडशीट चालेल: वेळ, कोणी काय केलं, कुठली फाइल उतरवली, तिचा हॅश.
- कायदा आणि गोपनीयता सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचा संपर्क. घटना कळवण्याची मुदत तपास पूर्ण होण्याची वाट पाहत नाही.

## १. आधी पुरावा धरा, मग साफसफाई

घाईघाईत केलेली साफसफाई हे मूळ कारण न सापडण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. सर्व्हर "स्वच्छ" करण्यासाठी टर्मिनेट, म्हणजे कायमचा नष्ट केला की त्यातली मेमरी गेली, आणि इन्स्टन्स स्टोअरवर (सर्व्हरच्या तात्पुरत्या डिस्कवर) काही असेल तर तेही गेलं. इन्स्टन्स स्टोअरवरचा डेटा तर नुसतं स्टॉप केलं तरी जातो.

संशयित सर्व्हरसाठी क्रम असा ठेवा:

क) सर्व्हर ऑटो स्केलिंग गटाचा (सर्व्हरांची संख्या आपोआप राखणाऱ्या गटाचा) भाग असेल तर त्याला आधी गटातून बाहेर काढा आणि टर्मिनेशन प्रोटेक्शन लावा. हे राहिलं तर तुम्ही नेटवर्क तोडल्याबरोबर गट त्या सर्व्हरला "आजारी" ठरवतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत नष्ट करून नवा उभा करतो.

ख) मेमरी उतरवा. डेटा त्या क्षणी बाहेर जात असेल तर आधी नेटवर्क तोडा, पण वीज तोडू नका. मेमरी उतरवण्यासाठी सिस्टम्स मॅनेजर (दुरून सर्व्हर हाताळायची एडब्ल्यूएसची सेवा) वापरणार असाल तर त्याच्या एंडपॉइंटकडे जाणारा ४४३ पोर्ट तेवढा चालू ठेवा.

ग) प्रत्येक डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्या आणि तो तपास-अकाउंटला द्या. इथे नेहमी अडखळायला होतं: डिस्क एडब्ल्यूएसच्या ठरावीक कीने एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिचा स्नॅपशॉट दुसऱ्या अकाउंटला देताच येत नाही. तो तुमच्या ताब्यातल्या कीने पुन्हा एन्क्रिप्ट करून कॉपी करावा लागतो, आणि मग त्या कीचा अधिकारही तपास-अकाउंटला द्यावा लागतो.

घ) सर्व्हर अलग करा. सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरपुरता फायरवॉल) बदलला म्हणजे चालू जोडण्या तुटल्याच असं समजू नका. सिक्युरिटी ग्रुप सुरू असलेल्या जोडण्या लक्षात ठेवतो, आणि नियम काढला तरी आधीची जोडणी पुढे चालू राहू शकते. ताबडतोब तोडायची असेल तर नेटवर्क एसीएलवर नकाराचा नियम लावा. तो त्या संपूर्ण सबनेटला, म्हणजे नेटवर्कच्या त्या तुकड्याला लागू होतो, म्हणून त्याच सबनेटमध्ये आणखी काय चालतं ते आधी बघा.

ॲक्सेस कीच्या बाबतीत: ती डिलीट करू नका, निष्क्रिय करा. युजरही पुसू नका. नोंदींमध्ये नावाबरोबर युजरचा अंतर्गत ओळख क्रमांक असतो, आणि तो कोणाचा हे ताडून बघायला युजर जागेवर असावा लागतो.

की निष्क्रिय केली तरी हल्लेखोर बाहेर गेलाच असं नाही, हेही लक्षात ठेवा. त्या कीने आधीच काढलेली तात्पुरती क्रेडेन्शियल्स (ओळख पटवणाऱ्या की आणि टोकन) आपापल्या मुदतीपर्यंत जिवंत असू शकतात. रोलचं सेशन कमाल १२ तास चालू शकतं, आणि फेडरेशन टोकनची मुदत ३६ तासांपर्यंत असू शकते. त्यासाठी युजरवर किंवा रोलवर स्पष्ट नकाराची पॉलिसी लावावी लागते. रोलसाठी "अमुक वेळेआधी दिलेली सगळी टोकन अमान्य" अशी अट घालता येते, आणि कन्सोलमधलं सेशन रद्द करण्याचं बटण नेमकं हेच करतं. त्याच रोलवर चालणाऱ्या इतर सर्व्हरनाही काही काळ नकार मिळेल, म्हणून ॲप सांभाळणाऱ्यांना आधी कळवा.

## २. लॉग कुठे आहेत आणि कुठे नाहीत

तपासाचा दर्जा इथे ठरतो. कुठली नोंद आपोआप होते, कुठली मुद्दाम सुरू करावी लागते आणि कोणती किती दिवस टिकते, हे पाठ असायला हवं.

एडब्ल्यूएसमध्ये क्लाउडट्रेलचा (कोणी कुठली क्रिया केली याची नोंद ठेवणाऱ्या सेवेचा) इव्हेंट इतिहास ९० दिवसांचा मिळतो, तोही फक्त व्यवस्थापनाच्या क्रियांचा: युजर बनवला, पॉलिसी बदलली, सर्व्हर उभा केला. हा इतिहास हल्लेखोराला बंद करता येत नाही. त्याने तुमचा ट्रेल (नोंदी बकेटमध्ये साठवण्याची तुम्ही लावलेली सोय) थांबवला असेल तर ते थांबवणंसुद्धा इथे दिसतं. पण हा इतिहास रीजननिहाय असतो. तुम्ही वापरत नसलेल्या रीजनमध्ये जाऊन पाहणं भागच आहे, कारण क्रिप्टो मायनिंगसाठी सर्व्हर उभे करणारे नेमके तेच रीजन निवडतात. आयएएमसारख्या (युजर आणि अधिकार सांभाळणाऱ्या) जागतिक सेवांच्या नोंदी यूएस-ईस्ट-१ मध्ये शोधा.

एस-थ्री बकेटमधली कुठली फाइल कोणी वाचली ही नोंद आपोआप होत नाही. डेटा इव्हेंट सुरू केलेले नसतील तर "किती डेटा गेला" याचं थेट उत्तर क्लाउडट्रेलमध्ये नसतं. अशा वेळी आजूबाजूच्या खुणा गोळा कराव्या लागतात: बकेटचे सर्व्हर ॲक्सेस लॉग चालू होते का (ते पोचतीलच याची हमी नसते), फ्लो लॉगमधले (नेटवर्कवरच्या ये-जा नोंदींतले) बाइट किती, आणि बिलाच्या तासवार तपशिलात बाहेर गेलेल्या डेटाचा आकडा अचानक कधी फुगला. बिल हा पुरावा म्हणून फार कमी लोक उघडतात. तो हल्लेखोराला पुसता येत नाही, म्हणून मी तो पहिल्याच दिवशी उतरवायला सांगेन.

व्हीपीसी (क्लाउडमधलं तुमचं खासगी नेटवर्क) फ्लो लॉगमध्ये मजकूर नसतो. कोण कोणाशी बोललं, कुठल्या पोर्टवर आणि किती बाइट, एवढंच असतं. डीफॉल्ट गोळाबेरीज १० मिनिटांची असते, ती १ मिनिटावर आणता येते. दोन गोष्टी त्यात कधीच येत नाहीत: १६९.२५४.१६९.२५४ या मेटाडेटा पत्त्याशी (जिथून सर्व्हर आपल्या रोलची क्रेडेन्शियल्स घेतो) झालेला संवाद आणि ॲमेझॉनच्या डीएनएस सर्व्हरला केलेल्या विचारणा. फ्लो लॉगमध्ये मेटाडेटाचा उल्लेख नाही, म्हणून रोलची क्रेडेन्शियल्स चोरीला गेली नाहीत, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चूक आहे. डीएनएससाठी रूट ५३ रिझॉल्व्हरचे लॉग वेगळे सुरू करावे लागतात.

अझ्युअरमध्ये ॲक्टिव्हिटी लॉग ९० दिवस राहतो, पण एन्ट्रा आयडीच्या (मायक्रोसॉफ्टच्या ओळख-सेवेच्या) साइन-इन नोंदी मोफत योजनेत फक्त ७ दिवस आणि पी१ किंवा पी२ परवान्यात ३० दिवस राहतात. ओळखीवरचा हल्ला असेल तर सगळं सोडून आधी त्या उतरवा. गूगल क्लाउडमध्ये ॲडमिन ॲक्टिव्हिटी लॉग कायम चालू असतात आणि ४०० दिवस टिकतात. डेटा ॲक्सेस लॉग मात्र बिगक्वेरी सोडलं तर मुळात बंद असतात.

कुबरनेटिस (कंटेनर चालवणारी यंत्रणा) क्लस्टर असेल तर आणखी घाई करा. क्लस्टरचे इव्हेंट डीफॉल्टने एका तासातच निघून जातात, आणि एडब्ल्यूएसच्या ईकेएसमध्ये कंट्रोल प्लेनचे ऑडिट लॉग आपोआप सुरू नसतात.

लॉग उतरवले की त्यांचा हॅश काढून वहीत लिहा. क्लाउडट्रेलमध्ये फाइल-शाबूतपणाची पडताळणी सुरू असेल तर दर तासाला सही केलेली डायजेस्ट फाइल येते. तिच्यावरून मधली एखादी लॉग फाइल कोणी बदलली किंवा गायब केली का ते कळतं.

## ३. वेळरेषा मांडा

क्लाउडट्रेलची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. सर्व्हरवरचे ॲप लॉग स्थानिक वेळेत असू शकतात आणि चॅटमधले निरोप प्रत्येकाच्या आपल्या वेळेत. सगळं यूटीसीत आणा. मूळ वेळ शेजारच्या रकान्यात तशीच ठेवा. हे न केल्यामुळे परिणाम कारणाच्या आधी घडल्यासारखा दिसतो, आणि त्यावर खोटी कथा रचली जाते.

क्लाउडट्रेलच्या फाइली काही मिनिटं उशिरा येतात आणि त्यांच्या आत नोंदी क्रमाने असतीलच असं नाही. फाइल केव्हा आली ते सोडून द्या. घटना केव्हा घडली त्या वेळेवर लावून घ्या.

रकाने सहा पुरतात: वेळ, कोणी, काय, कशावर, कुठून, कुठल्या नोंदीवरून.

## ४. ओळखीचा माग काढा

क्लाउडमधल्या बहुतेक घटनांमध्ये हल्लेखोर भिंत फोडून येत नाही. कोणाची तरी ओळख वापरून दारानेच येतो. त्यामुळे ही साखळी मागे मागे नेणं हा तपासाचा गाभा आहे. एक नमुना सावकाश बघू.

समजा, न वापरल्या जाणाऱ्या रीजनमध्ये मोठे सर्व्हर उभे राहिले. नोंद अशी: क्रिया "रनइन्स्टन्सेस", वेळ ०२:४७:१० यूटीसी, पत्ता २०३.०.११३.२५, युजर एजंट (विनंती करणाऱ्या प्रोग्रामने सांगितलेलं स्वतःचं नाव) "बोटो३", ओळखीच्या जागी एक रोल, आणि की "एएसआयए" या अक्षरांनी सुरू होणारी.

सर्वांत आधी कीची सुरुवात पाहा. "एएसआयए" म्हणजे तात्पुरती, कोणाकडून तरी मिळवलेली. "एकेआयए" म्हणजे एखाद्या युजरची कायमची. इथे ती तात्पुरती आहे, म्हणजे मागे आणखी एक पायरी आहे. लॉगमध्ये "असूमरोल"च्या नोंदी शोधा आणि ज्या नोंदीच्या उत्तरात हीच की दिली गेली आहे ती पकडा. ती सापडते ०२:३१ ला. मागणारा कोण, तर बिल्ड यंत्रणेसाठी बनवलेला एक युजर, आणि की "एकेआयए"वाली.

आता त्या कायमच्या कीचा गेल्या ९० दिवसांचा सगळा वापर काढा आणि पत्त्यांनुसार गट पाडा. बिल्ड यंत्रणेचे दोन ठरलेले पत्ते हजारो वेळा दिसतील. तिसरा पत्ता २०३.०.११३.२५. त्याची पहिली नोंद घटनेच्या चार दिवस आधीची, "गेटकॉलरआयडेंटिटी". ही क्रिया "मी कोण आहे" एवढंच विचारते आणि तिला कुठलाही अधिकार लागत नाही, म्हणून हाती आलेली की जिवंत आहे का हे बघायला हल्लेखोर आधी तीच वापरतो. तिच्या पाठोपाठ दहा मिनिटांत "लिस्टबकेट्स", "लिस्टयूजर्स", "लिस्टरोल्स", आणि मधूनमधून "ॲक्सेसडिनाइड". अशा नकारांची रांग म्हणजे कोणीतरी अंधारात दारं चाचपत आहे. नकार एकही नसेल तर आलेल्याला अधिकार आधीच माहीत होते, आणि मग प्रश्न वेगळा होतो.

मागचा माग संपला की त्याच बिंदूपासून पुढे या. त्या कीने, त्या पत्त्यावरून आणि त्या सेशनमधून जे काही निर्माण झालं त्या प्रत्येकाचा पुढचा वापर काढा: नवे युजर, नव्या ॲक्सेस की, कन्सोलचा नवा पासवर्ड, रोलच्या विश्वास-पॉलिसीत घुसवलेलं परकं अकाउंट, लॅम्डा फंक्शन. यातलं एक राहून गेलं तर हल्लेखोर त्या वाटेने परत येतो, आणि तुम्ही त्याला दुसरी घटना समजता.

या टप्प्यावर तीन सापळे आहेत. पत्त्याच्या जागी कधी एडब्ल्यूएसच्याच सेवेचं नाव असतं. तेव्हा ती क्रिया त्या सेवेने कोणाच्या तरी वतीने केलेली असते, आणि तो "कोणी" वेगळा शोधावा लागतो. युजर एजंट हवा तो लिहिता येतो. त्याला आधार माना, पुरावा मानू नका. आणि ईसी-टूच्या (एडब्ल्यूएसच्या सर्व्हर-सेवेच्या) रोलचं सेशन असेल तर सेशनच्या नावात सर्व्हरचा क्रमांक असतो. ती क्रेडेन्शियल्स सर्व्हरच्या बाहेरच्या पत्त्यावरून वापरली गेली असतील तर ती त्या सर्व्हरवरूनच उचलली गेली आहेत. आता सर्व्हर उघडा.

## ५. सर्व्हर आणि कंटेनर

स्नॅपशॉटपासून नवी डिस्क बनवा आणि तपास-अकाउंटमधल्या सर्व्हरला फक्त-वाचन पद्धतीने जोडा. नुसता फक्त-वाचनाचा पर्याय पुरत नाही: फाइल सिस्टिमचं जर्नल माउंट करताना पुन्हा चालवलं जाऊ शकतं आणि डिस्कवर लेखन होतं. ईएक्सटी-४ साठी "नोलोड" आणि एक्सएफएससाठी "नोरिकव्हरी" हा पर्याय द्या. स्नॅपशॉटपासून बनलेली डिस्क पहिल्या वाचनाला संथ असते, कारण डेटा मागेल तसा ओढला जातो. काही बिघडलेलं नाही, थांबा.

बघायचं काय: वेब सर्व्हरचे लॉग, क्रॉन आणि सिस्टमडीच्या नोंदी, एसएसएचच्या अधिकृत की, तात्पुरत्या फोल्डरमधल्या चालवण्याजोग्या फाइली, शेलचा इतिहास. फाइलची बदललेली वेळ सहज खोटी करता येते. तिच्याशेजारी आयनोड बदलल्याची वेळ ठेवून बघा. दोन्हींत मोठी फारकत असेल तर का ते शोधा.

कंटेनर मेला की त्यावरचा लिहिलेला थर जातो, म्हणून पॉड (कंटेनरांचा गट) मारण्याआधी तो ज्या सर्व्हरवर चालतो त्या नोडचा स्नॅपशॉट घ्या.

## ६. आत शिरायची वाट

आता मूळ प्रश्न: ती की बाहेर गेली कशी? शक्यतांची यादी करा आणि प्रत्येकीसाठी "हे खरं असेल तर कुठली नोंद दिसली पाहिजे" ते लिहा.

कोडमध्ये लिहिलेली की असेल तर गिटच्या इतिहासात ती सापडेल. फक्त आजच्या फाइली शोधू नका. पुसलेली ओळही जुन्या कमिटमध्ये तशीच असते. बिल्ड यंत्रणेतून गेली असेल तर पर्यावरण-चलांपर्यंत कुठली बाहेरची स्क्रिप्ट पोचत होती ते बघा. २०२१ साली कोडकव्हच्या (कोडच्या चाचण्या मोजणारी सेवा) बॅश अपलोडर स्क्रिप्टमध्ये हेच झालं: ३१ जानेवारीपासून १ एप्रिलपर्यंत बदललेली स्क्रिप्ट ग्राहकांच्या बिल्डमधली गुपितं बाहेर पाठवत होती. ते उघड झालं एका ग्राहकाने उतरवलेल्या स्क्रिप्टचा हॅश प्रसिद्ध हॅशशी ताडून पाहिला म्हणून.

साध्या, वैध लॉगिनने प्रवेश झाला असेल तर माणसाच्या संगणकाकडे वळा. २०२४ साली स्नोफ्लेक या क्लाउड डेटा सेवेच्या ग्राहकांचा डेटा चोरीला गेला तेव्हा तपासात प्लॅटफॉर्मची भिंत फुटलेली निघाली नाही. माहिती चोरणाऱ्या मालवेअरने इतरत्र गोळा केलेले पासवर्ड वापरले गेले होते, काही तर २०२० पासूनचे, आणि त्या खात्यांवर पासवर्डखेरीज ओळख पटवणारा दुसरा घटक सुरू नव्हता. अशा ठिकाणी क्लाउडचे लॉग कितीही चाळले तरी कारण सापडत नाही. तिथे फक्त परिणाम नोंदलेला असतो.

संरचनेतल्या चुकीचा संशय असेल तर "उघडं होतं" एवढ्यावर थांबू नका. ते कधीपासून उघडं होतं? एडब्ल्यूएस कॉन्फिगचा इतिहास किंवा "पुटबकेटपॉलिसी", "ऑथोराइजसिक्युरिटीग्रुपइनग्रेस" या नोंदी बदलाची वेळ आणि करणारा सांगतात. तो बदल कोडमधून आला की कोणी कन्सोलवर हाताने केला? हाताने केला असेल तर पुढच्या डिप्लॉयमध्ये तो परत का फिरला नाही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा मूळ कारणाच्या अगदी जवळ नेतं.

## ७. कारणांची सरळ रेषा नको, झाड मांडा

"का?" पाच वेळा विचारायची पद्धत टोयोटाच्या कारखान्यातून आली. सुरुवातीला ती उपयोगी पडते, पण क्लाउडच्या घटनेत एकाच ओळीत उतरत गेलात तर शेवटी एका माणसाच्या चुकीवर येऊन थांबता. त्याऐवजी तीन फांद्या वेगळ्या काढा: घटना घडली का, ती एवढी पसरली का, आणि उशिरा का कळली.

कॅपिटल वन या अमेरिकी बँकेची २०१९ सालची घटना या तीन फांद्यांवर मांडून बघा. चुकीच्या पद्धतीने बसवलेल्या वेब ॲप्लिकेशन फायरवॉलमधून हल्लेखोराने सर्व्हरकरवीच मेटाडेटा सेवेला विनंती करवली आणि रोलची क्रेडेन्शियल्स मिळवली. ही झाली पहिली फांदी. त्या रोलला बकेटची यादी काढण्याचा आणि त्यातलं वाचण्याचा अधिकार होता, त्यामुळे अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती पोचण्याजोगी झाली. ही दुसरी. डेटा मार्च २०१९ मध्ये बाहेर गेला. बँकेला कळलं जुलैत, तेही बाहेरच्या एका व्यक्तीने ईमेल केल्यावर. क्रियांच्या नोंदी लॉगमध्ये होत्या; त्यांच्याकडे वेळेत कुणाचं लक्ष गेलं नाही. ही तिसरी. "फायरवॉल चुकली" एवढंच कारण लिहिलं असतं तर उरलेल्या दोन फांद्या जशाच्या तशा राहिल्या असत्या. मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली. तिला आधी पुट विनंतीने टोकन मागावं लागतं, म्हणून सर्व्हरला फसवून नुसती गेट विनंती करवून काम भागत नाही. ती वाट पुष्कळ अरुंद करते, पण रोलचे अवाढव्य अधिकार कमी करत नाही.

प्रत्येक फांदीवरच्या कारणाला एकच कसोटी लावा: हे नसतं तर घटना घडली असती का, किंवा एवढी मोठी झाली असती का? उत्तर "तरीही घडली असती" असं आलं तर ते कारण नाही, फक्त आजूबाजूची परिस्थिती आहे.

थांबायचं कुठे? जिथे तुमच्या संस्थेला बदलता येईल अशी एखादी पद्धत, रचना किंवा निर्णय सापडतो तिथे. "कर्मचाऱ्याचं दुर्लक्ष" इथे थांबू नका. त्याने की कोडमध्ये टाकली, पण गुपितं ठेवायची दुसरी सोय त्याला दिली होती का? कमिट होताना ती अडवणारी तपासणी होती का? बिल्डच्या युजरला कायमची की देण्याचा निर्णय कोणाचा, आणि तो शेवटचा केव्हा तपासला गेला?

## ८. निष्कर्ष मोडून बघा

मूळ कारण ठरलं असं वाटलं की ते खोटं पाडायचा प्रयत्न करा. वेगळ्या अकाउंटमध्ये तीच रचना उभी करून तीच पावलं टाका आणि तशाच नोंदी उमटतात का बघा. जुळत नसेल तर मधली एखादी पायरी तुम्ही गृहीत धरली आहे.

ही काळजी किती गरजेची आहे ते मायक्रोसॉफ्टच्या स्टॉर्म-०५५८ प्रकरणात दिसलं. २०२३ साली हल्लेखोरांनी मायक्रोसॉफ्टची सही करणारी की वापरून बनावट टोकन तयार केली आणि २२ संस्थांमधल्या ५०० हून अधिक लोकांचे ईमेल वाचले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला ते कळलं मेल उघडल्याच्या लॉगमुळे, आणि तो लॉग तेव्हा महागड्या परवान्यातच मिळत असे. की कशी गेली याबद्दल कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये एक स्पष्टीकरण दिलं: २०२१ च्या एका क्रॅश डंपमधून. मार्च २०२४ मध्ये तिला दुरुस्ती जाहीर करावी लागली, कारण ती की असलेला असा क्रॅश डंप सापडलाच नव्हता. अमेरिकेच्या सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डाच्या अहवालातही की नेमकी कशी मिळवली गेली हे अनुत्तरितच राहिलं. तर्काला पटणारी गोष्ट आणि नोंदींनी धरलेली गोष्ट यांत एवढं अंतर असू शकतं, तेही भरपूर साधनं असलेल्या ठिकाणी.

म्हणून अहवालात प्रत्येक कारणापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: "सिद्ध", "संभाव्य" किंवा "अज्ञात". वरिष्ठ "संभाव्य" शब्द काढायला सांगतील. काढू नका, कुठली नोंद मिळाली असती तर तो काढता आला असता ते त्याच्या खाली लिहा. पुढच्या वेळी कुठले लॉग सुरू ठेवायचे याची यादी तिथूनच मिळते.

## ९. अहवाल आणि दुरुस्ती

अहवाल फार लांब नको. वरती पाच ओळींत काय घडलं, मग वेळरेषा, कारणांचं झाड पुराव्यांसकट, अज्ञात राहिलेल्या गोष्टी आणि दुरुस्त्या. माणसांची नावं घालू नका, भूमिका लिहा. नावं आली की पुढच्या घटनेत लोक माहिती दडवतात.

दुरुस्ती लिहिताना "काळजी घ्यावी", "जागरूकता वाढवावी" अशी वाक्यं खोडून टाका. प्रत्येक दुरुस्तीला जबाबदार एकच माणूस, तारीख आणि ती झाली हे दाखवणारी एक तपासणी हवी. वरच्या नमुन्यात ती अशी होईल: बिल्ड यंत्रणेची कायमची की काढून ओआयडीसीद्वारे (कायमची की न ठेवता ओळख पटवायची पद्धत) अल्पमुदतीचे रोल द्यायचे, तपासणी, बिल्डच्या अकाउंटमध्ये "एकेआयए"ने सुरू होणारी सक्रिय की शून्य. न वापरले जाणारे रीजन संस्थेच्या पातळीवर नकार-पॉलिसीने बंद करायचे. तपासणी, तिथे सर्व्हर उभा करायचा प्रयत्न करून नकार येतो का ते बघायचं. संवेदनशील बकेटवर डेटा इव्हेंट सुरू करायचे. तपासणी, एक फाइल वाचून तिची नोंद लॉगमध्ये किती मिनिटांत उमटते ते मोजायचं.

आणि हीच कमजोरी बाकीच्या अकाउंटमध्येही आहे का, ते त्याच आठवड्यात शोधा. आयएएमचा क्रेडेन्शियल अहवाल प्रत्येक अकाउंटमधून उतरवा. प्रत्येक कीचं वय आणि शेवटचा वापर त्यात असतो. दीर्घकाळ न वापरलेल्या की आधी निष्क्रिय करा, काही दिवस थांबा, कोणाचं काही अडलं नाही ना ते विचारा, आणि मगच डिलीट करा.